काच निळी होणारच

४ नोव्हेंबर
नवी वही. संकल्प: रोज लिहायचं. कोणाला दाखवायचं नाही. थोर माणसाला निदान एक तरी समंजस श्रोता हवा, आणि आमच्या घरात तो मीच आहे.

विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली. साहेबांनी आज मीटिंगमध्ये सांगितलं, की १२ डिसेंबरला खिडक्या बनवणारे पाहुणे येणार, त्यांना माझी रंग बदलणारी काच दाखवायची. काच निळी झाली तर खुर्ची माझी. नाही झाली तर खुर्ची आणि काम दोन्ही दमटबाईकडे. हे दुसरं वाक्य साहेबांनी उगाच म्हटलं. रीत म्हणून म्हणावं लागतं.

घरी येऊन हिला सांगितलं, की प्रमुख झालो. झालो काय आणि होणार काय, महिन्याचा तर फरक. सासूबाईंनाही फोन केला. त्या म्हणाल्या, बघायलाच येते.

५ नोव्हेंबर
मुलीला माझं काम समजावून दिलं. तिने विचारलं नव्हतं. दोन काचा असतात. एकीवर रंग धरणारा थर. दोन्हींच्या मधे माझं मेंब्रेन, पॉलिमरचा पातळ पडदा. बटण दाबलं की आयन, म्हणजे विद्युतभार असलेले बारीक कण, पडद्यातून पलीकडे जातात, थरात शिरतात आणि काच निळी होते. उलटं बटण दाबलं की कण परत येतात, काच पुन्हा स्वच्छ. सगळी करामत मधल्या पडद्याची, पण लोक कौतुक काचेचं करतात. माझंही या घरात तेच झालं आहे.

मुलगी म्हणाली, म्हणजे पापुद्रा. पंधरा वर्षांची तपश्चर्या, आणि पापुद्रा! हिला तो शब्द फार आवडला. रात्री जेवताना दोघी मायलेकी पापुद्रा पापुद्रा करत होत्या.

७ नोव्हेंबर
दमटबाईबद्दल लिहून ठेवलं पाहिजे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये एकच पालुपद: या पॉलिमरला थोडा दमटपणा लागत असावा का? म्हणून मी तिचं नाव दमटबाई ठेवलं. अजून दुसरं कोणी वापरत नाही, पण चांगल्या विनोदाला वेळ लागतो.

पाणी हा मेंब्रेनचा शत्रू, हे मी विद्यार्थी असताना पाठ केलं होतं. ती म्हणते, ते लिथियमच्या मेंब्रेनबद्दल होतं, आपलं वेगळं आहे. पाठ केलेलं असं वेगळं वेगळं होत असतं का? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! मी तिच्याकडे बघून फक्त हसलो. ती पण हसली, म्हणजे तिला पटलं.

१२ नोव्हेंबर
पहिली काच तयार. बटण दाबलं. निळी झाली नाही. तशी अगदी झाली नाही असंही नाही. डोळे बारीक करून, तिरकं उभं राहिलं तर एक छटा दिसत होती. मला दिसत होती.

निदान: मेंब्रेनमध्ये ओल राहिली. उपाय: ओव्हनमध्ये आणखी वाळवायचं.

१५ नोव्हेंबर
दुसरी काच. दुप्पट वाळवलेली. छटाही नाही. म्हणजे ओल अजून आहेच. चिवट असते.

१६ नोव्हेंबर
तिप्पट.

१७ नोव्हेंबर
मेंब्रेनला तडे गेले. ओव्हन खराब आहे असा रिपोर्ट लिहिला.

हिला सांगितलं तर म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. ओव्हनचा आणि अंगणाचा काय संबंध?

२१ नोव्हेंबर
मोठा निर्णय. जगातल्या सगळ्या मोठ्या संशोधकांनी स्वतःवर प्रयोग केले. मी घरच्यांवर करणार. बाथरूमच्या दारात डोळ्यांच्या उंचीवर जी दुधी काच होती ती काढली आणि माझी बसवली. कडा बंद करायचा गोंद संपला होता, म्हणून तशाच ठेवल्या. घरच्या कामाला चालतं. बटण दाराबाहेर. आत जाणाऱ्याने बटण दाबावं, काच निळी व्हावी, निश्चिंत आंघोळ करावी. इतकं सोपं.

हिने विचारलं, आणि नाही झाली तर? या बाईने लग्नापासून माझ्याबद्दल असाच प्रश्न विचारला आहे.

२२ नोव्हेंबर
झाली!! निळी झाली! गडद, एकसारखी, शाईसारखी निळी!

घटनाक्रम असा. पहिली आंघोळ मुलीची. बटण दाबलं, काच स्वच्छच. ती किंचाळली, टॉवेल लटकवला, बोळात बराच वेळ आरडाओरडा झाला. नंतर हिची आंघोळ. काच निळी! मी टाळ्या वाजवल्या. आतून हिने विचारलं, की टाळ्या का वाजवताय. मग तिसरा मी. तेव्हाही निळी.

लॅबमध्ये नाही आणि घरी होते. याचा अर्थ उघड आहे. लॅबमध्ये मला पाण्यात पाहणारी माणसं आहेत. घरी ती नाहीत, किंवा कमी आहेत.

२५ नोव्हेंबर
चार दिवस झाले, तोच प्रकार. पहिल्या माणसाला काच स्वच्छ, दुसऱ्यापासून निळी. मी याला ‘जागृती-काळ’ असं नाव दिलं आहे. रात्रभर स्वस्थ पडलेलं मेंब्रेन सकाळी हळूहळू जागं होतं. आमच्या मुलीसारखंच. पेपर लिहायला हवा.

२६ नोव्हेंबर
पहिली आंघोळ करायला कोणी तयार नाही. सात वाजले तरी तिघं बोळात टॉवेल घेऊन उभे. शेवटी ठरलं, की ज्याची काच त्याने पहिलं जायचं. गेलो. मी विज्ञानासाठी काय वाटेल ते सोसतो.

काचेतून समोरच जेवणाचं टेबल दिसतं. दोघी पाठ करून बसल्या होत्या. सभ्य आहेत. पण खांदे हलत होते.

२८ नोव्हेंबर
सासूबाई आल्या. आल्याबरोबर पेढ्यासाठी हात पुढे केला, की जावईबापू प्रमुख झाले ना? मी म्हटलं, कागद यायचा आहे.

मग त्यांनी बाथरूम पाहिलं आणि दोन तास बोलल्या नाहीत. मी त्यांच्या येण्याचा पहिल्यांदाच मनापासून आनंद घेतला.

३० नोव्हेंबर
सासूबाईंनी घरात वेळापत्रक लावलं. पहिले जावईबापू. मग त्या. पण त्यांच्या आधी हिने आत जाऊन कढत पाण्याचा नळ सोडून ठेवायचा, बाथरूम वाफेने भरू द्यायचं, मग काच निळी झाली की त्या आत जाणार. मी विचारलं, नळाचा आणि काचेचा काय संबंध? त्या म्हणाल्या, वाफ धरली की काच निळी होते, रात्री बोळातला हीटर चालला की सगळं वाळून परत उघडी पडते. हे त्यांना दोन दिवसांत दिसलं म्हणे. ही म्हणाली, मला तर पहिल्याच दिवशी दिसलं.

मी शांतपणे सांगितलं, की हा योगायोग आहे. एक घटना दुसरीनंतर घडली म्हणून पहिलीमुळे घडली असं होत नाही. हे विज्ञानाचं पहिलं तत्त्व. तिघींनी ऐकून घेतलं आणि भांडी आवरायला उठल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

१ डिसेंबर
दमटबाईचा घरी फोन आला होता, ओव्हनच्या चाव्या कुठे आहेत विचारायला. मी अंघोळीत होतो. फोन सासूबाईंनी घेतला. काचेतून मला त्या बोलताना दिसत होत्या. खूप वेळ बोलल्या. मधेच माझ्याकडे बोट दाखवून बोलल्या. फोनवरच्या माणसाला बोट दिसत नाही, हे वयाप्रमाणे विसरतात.

काय बोललात, विचारलं. म्हणाल्या, मुलगी गुणी वाटली, काही विचारत होती, मी सांगितलं.

३ डिसेंबर
लॅबमध्ये सहावी काच. स्वच्छ. पाणी प्यायचं सोडलं आहे, म्हणजे लॅबमध्ये. श्वासातूनही ओल जाते. चहाची किटली बाहेर काढायला लावली. सगळे कुरकुरले.

दमटबाई टेबलाशी आली आणि म्हणाली, की सर, एक काच तरी दमट हवेत ठेवून बघू या, डेमोच्या आधी. तुमच्या सासूबाई म्हणत होत्या... मी तिला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. माझ्या सासूबाईंना मी घरात पूर्ण करू देत नाही, लॅबमध्ये कसं चालेल?

खरं सांगायचं तर तिच्या आवाजात मत्सर नव्हता. तेच खटकलं.

५ डिसेंबर
लॅबमध्ये मला पाठीमागे ‘वाळवण’ म्हणतात असं कळलं. सुरुवातीला राग आला. मग विचार केला, नाव पडणं हीच मान्यता. ‘दमटबाई’ मात्र अजूनही कोणी म्हणत नाही.

८ डिसेंबर
डेमोची योजना पक्की. मीटिंगच्या खोलीच्या दारात माझी काच बसवायची. खोलीत हवा कोरडी करणारी तीन यंत्रं चार दिवस आधीपासून चालू. घरची काच इतक्या गलथान हवेत चालते, तर कोरड्याठक्क हवेत काय चमत्कार करेल! इतका साधा तर्क कोणाला सुचला नाही. सुचला तो मला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

संकल्प: प्रमुख झाल्यावर नम्र राहायचं. दमटबाईला खिडकीजवळचं टेबल द्यायचं.

११ डिसेंबर
डेमोची काच बसवली. कडांना स्वतः गोंद लावला. खालच्या डाव्या कोपऱ्यात थोडा कमी पडला, पण भाषणाची तालीम राहिली होती. भाषण फार उत्तम झालं आहे. आरशासमोर म्हटलं तेव्हा माझेच डोळे भरून आले.

मीटिंगच्या खोलीतली हवा अशी झाली आहे, की आत गेलं की ओठ फुटतात. शिपायाने खुर्चीला हात लावला आणि त्याला बारीक झटका बसला. सगळं उत्तम.

१२ डिसेंबर, सकाळी
अंघोळ पहिली. काच स्वच्छ. टेबलाशी तिघी आज पाठ करून नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मुलीने अंगठा वर केला. मी साबणाचा हात हलवला. निळा शर्ट घातला, काचेला शोभेल असा.

१२ डिसेंबर, दुपारी ३
वही सोबत आणली ते बरं झालं. मी मीटिंगच्या खोलीबाहेर बाकावर बसलो आहे. आत साहेब, दमटबाई आणि तीन पाहुणे. दार बंद. दारातली काच स्वच्छ आहे. सगळं दिसतं, ऐकू काही येत नाही.

झालं ते लिहितो. भाषण चांगलं झालं. फक्त कोरड्या हवेमुळे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला मधे खोकला लागला, आणि पाहुण्यांपैकी एकाने तीन वेळा पाणी मागितलं. मग मी बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग म्हणालो, की जागृती-काळ चालू आहे. वीस मिनिटं जागृती-काळ चालू होता. मुख्य पाहुण्याने विचारलं, की आमच्याकडे सध्याही अशाच खिडक्या आहेत, यात नवीन काय? गाढवाला गुळाची चव काय!

साहेब म्हणाले, की तुम्ही जरा बाहेर बसा.

३:२०
आत चहा मागवला. किटली आत नेली. माझ्या नियमाविरुद्ध. यंत्रंही बंद केली आहेत. चहा पिताना पाहुणे हसले. बहुधा माझ्या भाषणातला विनोद आत्ता समजला.

साहेब माझ्याकडे बघून मान हलवताहेत. आडवी. पण त्यांची मान तशीही आडवीच हलते.

३:४०
काहीतरी होतंय. खालच्या डाव्या कोपऱ्यात निळं! बोटभर. खरोखरचं निळं. मी उठून काचेजवळ गेलो. आतून दमटबाईही उठून आली. दोघं एकाच कोपऱ्याकडे वाकलो, मधे काच. तिने माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा वर केला.

तिने टेबलावरून किटली उचलली आणि वाफ त्या कोपऱ्याच्या सांध्याला धरली. मी काचेवर टकटक केलं, नको नको म्हणून. तिने ऐकलं नाही. पाहुणे उठून तिच्याभोवती जमले. निळं वर सरकू लागलं. बोटाचं वीतभर झालं. आधी त्यांचे बूट गेले. मग टेबल गेलं. पाहुणे तोंडं उघडी टाकून बघत होते. साहेबांनी दमटबाईचा हात हातात घेतला, दोन्ही हातांनी, आणि हलवत राहिले. मग तेही निळ्यात गेले. वर एक पट्टी तेवढी उरली होती. त्यातून मला छताचा दिवा दिसत होता.

मी टाचा उंच करून बघितलं. मग ती पट्टीही निळी झाली.

काच पूर्ण निळी. माझी काच. झाली. मी म्हणत होतो, होणारच. बाहेर सांगायला कोणी नव्हतं.

१३ डिसेंबर
रविवार. काल घरी कोणी काही विचारलं नाही. म्हणजे यांना आधीच कळलं होतं. कोणाकडून कळलं हे मी विचारलं नाही. सासूबाईंनी वाढताना माझ्या ताटात दोनदा वाढलं आणि एकदाही टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१६ डिसेंबर
कागद आला. दमटबाई प्रमुख. तिच्या रिपोर्टची प्रत मिळाली. लिहिलं आहे, की या पॉलिमरमधून आयन पुढे जायला पाण्याचे कण लागतात. कोरडं केलं की वाटच बंद होते. पाणी आतच राहावं म्हणून मेंब्रेन ओलं करून मग कडा बंद करायच्या. शेवटी आभार. साहेबांचे, पाहुण्यांचे, आणि “घरगुती निरीक्षणांबद्दल एका ज्येष्ठ महिलेचे”. सासूबाईंनी ते पान मागून घेतलं आणि चष्मा लावून दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून घडी घालून ठेवून दिलं. पिशवीत.

माझं नावही आहे. पॉलिमर मी निवडला होता म्हणून. तिने सगळ्यात आधी लिहिलं आहे. उगाच लिहिलं. तिला तसं वाईट म्हणता येत नाही, हा मोठा त्रास आहे.

१७ डिसेंबर
नवी जबाबदारी. लॅबमध्ये एक दमट कपाट आणलं आहे, त्यात मेंब्रेन ठेवायची. त्या कपाटाचा कारभार माझ्याकडे. आतल्या टाकीत रोज पाणी भरायचं, पातळी बघायची. महत्त्वाचं काम आहे. पाणी नसेल तर काहीच चालत नाही, असं आता सगळेच म्हणतात. दमटबाई स्वतः येऊन म्हणाली, की सर, तुमच्याइतकी ओल कोणालाच कळत नाही. थट्टा नव्हती. मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, नव्हतीच.

खिडकीजवळचं टेबल तिने मला दिलं.

लिहायचं नव्हतं, पण वाईट वाटलं. खूप वाटलं. पंधरा वर्षं मी एकाच गोष्टीला वाळवत बसलो.

कोपऱ्यातला गोंद कमी पडला नसता तर हे झालंच नसतं. म्हणजे पाहिलं तर शोध माझाच.

१८ डिसेंबर
संकल्प: उठायचंच नाही.

उठलो. सवयीने पहिला अंघोळीला गेलो. बोळात कोणी नव्हतं, टेबलाशी तिघी गुपचूप चहा पीत होत्या, आपापल्या कपात बघत. बटण दाबलं, मान खाली घालून आत शिरलो.

वर पाहिलं तर काच निळी. पहिल्या आंघोळीला! आल्या आल्या, गडद निळी, एकही कोपरा मोकळा नाही. बाहेरचं काही दिसत नव्हतं, मी कोणाला दिसत नव्हतो. सगळीकडे दाट वाफ होती.

स्टुलावर बसलो. बराच वेळ बसलो. नाकडोळे वाहत होते, सर्दी असावी. कोणी दार वाजवलं नाही, कोणी किती वेळ म्हणून ओरडलं नाही.

म्हणजे जागृती-काळ संपला. मेंब्रेन मुरलं. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, वेळ लागतो, पण एकदा मुरलं की कुठल्याही वाफेबिफेची गरज नाही. दमटबाईला आजच कळवायला हवं.

एक गोष्ट मात्र चीड आणणारी. दोन्ही बादल्या कढत पाण्याने काठोकाठ भरलेल्या, आणि नळ तसाच भळाभळा चालू. माझ्याआधी कोणीतरी पहाटे उठून सोडून ठेवलेला दिसतो. काय ही नासाडी! संध्याकाळी तिघींना बोललं पाहिजे.